लीजची मुदत संपते तेव्हा : दारातल्या गाडीचा हिशेब

दिवाळीचे वहीपूजन होऊन आठवडा लोटला होता. सूर्यास्तापूर्वीची जेवणे उरकून सांगलीतील त्या घरची मंडळी सोप्यात बसली असता थोरल्या मुलाने एक पत्र अण्णांच्या हाती दिले. हळदीच्या अडत दुकानासाठी मार्च २०२२ मध्ये लीजवर घेतलेल्या सात आसनी गाडीचा चार वर्षांचा करार येत्या मार्चमध्ये संपत होता. गाडी परत करणार, विकत घेणार की मुदत वाढवून घेणार, हे वेळेत कळवावे, अशी भाडेकंपनीची विचारणा होती.

अण्णांनी पत्र दोनदा वाचले आणि चष्मा उतरवून ठेवला. ‘‘चार वर्षं महिन्याच्या महिन्याला भाडं भरलंय. आता गाडी सोडून द्यायची म्हणजे काय?’’

धाकट्याचे मन नव्या गाडीकडे ओढत होते. ‘‘अण्णा, जीएसटी उतरलाय. नवी घ्यायची हीच वेळ आहे.’’

थोरल्याची चिंता निराळी होती. ‘‘मार्चमध्ये हळदीची आवक ऐन भरात असते. शेतकऱ्यांच्या पट्ट्या भागवायच्या की गाडीत पैसा अडकवायचा?’’

आक्का इतका वेळ गप्प होत्या. ‘‘माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मिरजेची ने-आण याच गाडीनं झाली. चढायला-उतरायला हिच्यासारखी सोय दुसरी नाही,’’ एवढेच त्या म्हणाल्या.

दुकानाचे हिशेब पाहणारी थोरली सून उठली आणि कपाटातून कराराची फाइल घेऊन आली. ‘‘अण्णा, आधी करारात काय लिहिलंय ते वाचू या. मग ठरवू.’’

असे घर सांगलीतच असेल असे नाही; जयसिंगपूर, इचलकरंजी, सोलापूर, बारामती, पुणे, कुठेही ते कल्पावे. भांडवल धंद्यात फिरते राहावे म्हणून गाडी लीजवर घ्यायची, हा विचार व्यापारी घरांना पटतो. करार करताना भाड्याची घासाघीसही नीट होते. परंतु मुदत संपताना जो निर्णय घ्यावा लागतो, त्यासाठी मात्र बहुतेकदा एक संध्याकाळ आणि चार भावना एवढेच भांडवल हाताशी असते. सोप्यातल्या चौघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते. प्रश्न एवढाच, की त्यांपैकी कोणते म्हणणे हिशेबाच्या कोणत्या बाजूला मांडावे.

भाडे कशाचे दिले?

कर्जाच्या हप्त्यातून मुद्दल फिटत जाते आणि शेवटच्या हप्त्यानंतर गाडी आपली होते. लीजचे तसे नाही. गाडीची मूळ किंमत आणि मुदतीअखेर तिची राहील अशी धरलेली किंमत यांतला फरक, त्यावरचे व्याज आणि कर, एवढेच मुख्यतः मासिक भाड्यातून वसूल होते. मुदतीअखेरच्या या धरलेल्या किमतीला अवशिष्ट मूल्य म्हणतात. ते बहुधा सही झाली त्याच दिवशी ठरलेले असते. म्हणजे चार वर्षांचे भाडे हे गाडीच्या चार वर्षांच्या झिजेचे मोल होते. ते देऊन झाले आणि त्या बदल्यात गाडी वापरूनही झाली.

अण्णांच्या मनातली रुखरुख इथेच सुटते. गोदामाचे भाडे दहा वर्षे भरले म्हणून कोणताही व्यापारी ते गोदाम मालक मागेल त्या किमतीला विकत घेत नाही. गोदाम घेताना तो आजचा भाव पाहतो. गाडीलाही तोच न्याय लावावयास हवा. मागे भरलेली रक्कम कितीही मोठी असो, आजच्या निर्णयाच्या हिशेबात ती धरावयाची नसते.

मालकी कंपनीची असल्याचे आणखीही परिणाम आहेत. गाडीवरील घसारा भाडेकंपनीला मिळतो. आयसीडीएस प्रकरणातील २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भाडेकंपनीचा हा हक्क मान्य केला आहे. व्यापाऱ्याला धंद्यासाठीच्या वापरापुरते भाडे खर्ची टाकता येते. मात्र भाड्यावरील जीएसटीची वजावट मिळत नाही. चालकासह तेरापर्यंत आसने असलेल्या प्रवासी गाडीच्या खरेदीवरील आणि भाड्यावरील कराची वजावट केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने रोखलेली आहे. गाड्यांचाच धंदा, प्रवासी वाहतूक किंवा वाहनचालन-शिक्षण असे काही अपवाद सोडले तर. हळदीच्या, कापडाच्या वा किराण्याच्या व्यापाऱ्याला हा कर म्हणजे निखळ खर्च होय.

अपघाताच्या जबाबदारीचे गणित मात्र उलटे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) मधील व्याख्येनुसार लीजवरील वाहनाचा ज्याच्याकडे ताबा, तो कायद्याच्या दृष्टीने ‘मालक’ ठरतो. म्हणून गाडी परत देण्याचा दिवस हा केवळ किल्ली सोपविण्याचा दिवस समजू नये. त्या दिवशी जबाबदारी हस्तांतरित होत असते आणि तिचा कागद व्हावा लागतो.

चार वाटा

मुदतीअखेर सामान्यतः चार वाटा असतात. गाडी परत द्यावी. अवशिष्ट मूल्य देऊन ती विकत घ्यावी. त्याच गाडीची मुदत काही महिने वाढवून घ्यावी. किंवा ती परत देऊन नवी गाडी, लीजवर वा विकत, घ्यावी. करारात मुभा असेल तर घरातील दुसऱ्या सभासदाच्या किंवा सुचविलेल्या तिसऱ्या व्यक्तीच्या नावेही खरेदी करता येते.

या वाटांपैकी करारात कोणती लिहिली आहे, हे प्रथम पाहावे. काही करारांत खरेदीचा हक्क आणि किंमत दोन्ही स्पष्ट असतात. काहींत खरेदीचा उल्लेखच नसतो आणि कंपनी त्या वेळी सांगेल तो भाव, अशी स्थिती असते. किती दिवस आधी लेखी कळवावयाचे, न कळविल्यास करार आपोआप पुढे चालू राहतो काय, आणि राहिल्यास कोणत्या भाड्याने, ही तीन उत्तरे फाइलीतून काढून एका कागदावर लिहावीत. मुदतीच्या चार-सहा महिने आधी हे काम झाले तर बोलणी करावयास अवसर मिळतो. शेवटच्या आठवड्यात निर्णय घेणाऱ्याला कंपनीच्या सोयीने वागावे लागते.

दारातला माल, बाजारचा भाव

ढीग फोडून, हळदीचे बोट मोडून, रंग पाहिल्याशिवाय सौद्यात बोली न लावणारा व्यापारी स्वतःच्या दारातल्या गाडीचा भाव मात्र विचारत नाही, कारण ती त्याला आपलीच वाटत असते. तीच चूक टाळावयाची आहे. मुदतीअखेर ती गाडी म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा, विक्रीला काढलेला माल आहे, असे समजून तिच्याकडे पाहावे.

त्यासाठी किमान तीन भाव घ्यावेत. एक अधिकृत विक्रेत्याकडून अदलाबदलीचा, दुसरा जुन्या गाड्यांच्या स्थानिक व्यापाऱ्याकडून रोखीचा, आणि तिसरा त्याच वर्षाच्या, त्याच बनावटीच्या, साधारण तेवढ्याच धावलेल्या गाड्या प्रत्यक्ष कितीला विकल्या जातात त्याचा. जाहिरातीत मागितलेली किंमत आणि सौदा झाल्यावर हाती पडलेली किंमत यांत अंतर असते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

ओळखीच्या गाडीला एक खास मोल असते, तेही हिशेबात धरावे. जुन्या गाडीचा इतिहास विकत घेणाऱ्याला ठाऊक नसतो. स्वतः वापरलेल्या गाडीचा मात्र पूर्ण ठाऊक असतो. तेल वेळेवर बदलले काय, धडक झाली काय, दुरुस्ती कोठे झाली, सारे घरातच माहीत असते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या वस्तीत शिरले, तेव्हा असंख्य वाहने बुडाली. पाण्यात गेलेली गाडी वरून चकचकीत दिसते, पण तिच्या तारा आणि विद्युत् भाग पुढे कधी दगा देतील याचा भरवसा नसतो. अशा भागात ‘ही गाडी कधी पाण्यात गेलेली नाही’ या खात्रीला पैशांत मोजण्याजोगी किंमत आहे.

उलट बाजूही पाहावी. १ एप्रिल २०२३ पूर्वी बनलेल्या अनेक पेट्रोल गाड्या २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनासाठी आखलेल्या नव्हत्या. त्या इंधनावर त्यांचा खप काहीसा वाढतो. कंपनीची हमी किती उरली आहे, टायर आणि बॅटरी कधी बदलावी लागतील, क्लच कितपत झिजला आहे, हे ओळखीच्या मेकॅनिककडून अर्धा दिवस खर्चून तपासून घ्यावे.

‘अधिक लागू कर’

सांगलीच्या त्या घरात सूनबाईंनी कराराची पाने उलटली तेव्हा गाडीचे अवशिष्ट मूल्य ४,५०,००० रुपये लिहिलेले आढळले. बाजारात तशा गाडीला सुमारे ५,६०,००० रुपये मिळत होते. धाकटा लगेच म्हणाला, ‘‘वहिनी, सरळ लाखभर फायदा आहे की!’’ पण रकमेपुढे बारीक अक्षरांत तीन शब्द होते : ‘अधिक लागू कर’. सारा निर्णय या तीन शब्दांवर फिरणार होता.

जुन्या गाड्यांवरील जीएसटीबाबत व्यापाऱ्यांत बराच गैरसमज आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५५ व्या बैठकीनंतर नोंदणीकृत विक्रेत्याने विकलेल्या जुन्या गाडीवर १८ टक्के दर ठरला, आणि तोही पूर्ण किमतीवर नव्हे, तर विक्रीची किंमत व घसारा जाता उरलेली किंमत यांतील फरकावर. ही सवलत मात्र ज्याने मूळ खरेदीच्या वेळी कराची वजावट घेतलेली नाही, त्यालाच मिळते. भाडेकंपनी गाडी पुढे भाड्याने देण्यासाठीच घेत असल्याने तिला ती वजावट घेता येते. तिने ती घेतली असेल तर मुदतीअखेरच्या विक्रीवर पूर्ण किमतीवर कर लागू शकतो, आणि तोही त्या प्रकारच्या गाडीचा जो दर असेल त्या दराने. म्हणून ‘लागू कर’ म्हणजे किती टक्के, कोणत्या रकमेवर, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. फोनवर मिळालेले उत्तर वहीत मांडता येत नाही.

सूनबाईंनी उत्तराची वाट पाहत तिन्ही शक्यता मांडून ठेवल्या. गाडी घेतल्यास टायरना २८,०००, विम्याला २२,०००, मोठ्या सर्व्हिसिंगला १२,००० आणि नावबदलाच्या कामाला ८,००० असा ७०,००० रुपयांचा खर्च लगेच होता. किंमत सर्व करांसह असेल तर एकूण ५,२०,००० रुपये पडत होते, म्हणजे बाजारापेक्षा ४०,००० नी स्वस्त. पूर्ण किमतीवर १८ टक्के कर लागला तर ८१,००० वाढून ६,०१,००० होत होते, म्हणजे ४१,००० नी महाग. गाडी चार मीटरहून लांब असल्याने ४० टक्के दर लागला तर १,८०,००० वाढून आकडा ७,००,००० वर जात होता, म्हणजे तब्बल १,४०,००० नी महाग. गाडी तीच आणि किंमतही तीच असून केवळ कराच्या शब्दावर एक लाख ऐंशी हजारांचे अंतर पडत होते.

परत देणेही फुकट नसते

तरीही ‘महाग पडते, म्हणून परत द्या’ असे लगेच म्हणता येत नाही. परत देण्याचाही खर्च असतो आणि तो बहुधा शेवटच्या दिवशी कळतो.

या घराचा करार वर्षाला २०,००० प्रमाणे चार वर्षांत ८०,००० किलोमीटरचा होता. श्रवणबेळगोळ, कुंथलगिरी, मुंबईच्या फेऱ्या आणि आक्कांसाठी मिरजेची ये-जा धरून मार्चअखेर आकडा ९२,००० वर जाणार होता. जादा प्रत्येक किलोमीटरला ५ रुपये, म्हणजे ६०,००० रुपये. मागच्या दारावरची खोच आणि बंपरवरचे ओरखडे यांसाठी कंपनी आणखी २०,००० मागेल असा अंदाज होता. म्हणजे परत देण्याची किंमत ८०,००० रुपये. गाडी विकत घेतली तर हा आकार सहसा द्यावा लागत नाही. करारातून तशी खात्री मात्र करून घ्यावी.

आता तुलना बदलते. १८ टक्के कर लागला तर खरेदीत ४१,००० चा तोटा दिसतो, पण परत देण्यात ८०,००० जातात. तेव्हा विकत घेणेच शहाणपणाचे. ४० टक्के लागला तर १,४०,००० विरुद्ध ८०,०००. तेव्हा परत देणे बरे. आतबट्ट्याचा दिसणारा सौदाही कधी कधी कमी नुकसानीचा ठरतो, ही गोष्ट मंदीत माल काढणाऱ्या व्यापाऱ्याला चांगली परिचित असते.

परत देण्याचा खर्च कमीही करता येतो. लहानसहान खोचा ओळखीच्या गॅरेजात आधीच दुरुस्त करून घेतल्या तर त्या बऱ्याच स्वस्तात पडतात. अधिकृत ठिकाणीच दुरुस्ती करावी अशी अट नाही ना, हे पाहून घ्यावे. दुसरी किल्ली, सर्व्हिस पुस्तिका, जॅक, हत्यारे, स्टेपनी यांची शोधाशोध आधी करावी. हरवलेल्या किल्लीचाही आकार लागतो. कंपनीचा माणूस तपासणीला येईल तेव्हा घरातील जाणत्या माणसाने सोबत असावे, दिवसाउजेडी छायाचित्रे काढावीत आणि तपासणीची प्रत तिथल्या तिथे घ्यावी.

२०२५ चा उतार आणि जुने करार

धाकट्याचे म्हणणेही पोकळ नव्हते. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरील कराची रचना बदलली. चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर १८ टक्के, त्यांहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के, असे दर ठरले आणि वरचा उपकर गेला. पूर्वी लहान पेट्रोल गाडीवर उपकरासह २९ टक्के कर होता. मूळ भाव तोच राहिला आणि कपात पूर्णपणे ग्राहकाला मिळाली असे धरले, तर ९ लाखांची गाडी सुमारे ८ लाख २३ हजारांना पडते. मोठ्या सेदान वर्गातील गाड्यांवर उपकरासह एकूण कर ४५ ते ४८ टक्क्यांच्या घरात होता, एसयूव्हीवर ५० टक्के. तेथेही उतार आला, पण टक्केवारीने कमी.

२०२१-२२ मध्ये सही झालेल्या करारांतील अवशिष्ट मूल्य त्या वेळच्या चढ्या किमतीवरून काढलेले आहे. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली सरकतो. करारातला आकडा मात्र जागचा हलत नाही. म्हणून खरेदीची किंमत कमी करण्याची मागणी कंपनीकडे निःसंकोच करावी. गाडी परत घेऊन लिलावात काढणे हे कंपनीलाही जिकिरीचेच असते. ती प्रत्येक वेळी मान्य करील असे नव्हे. परंतु न मागता कोणी सवलत देत नाही.

थोरल्याची चिंता याच ठिकाणी हिशेबात येते. कॅश क्रेडिटवर १० टक्के व्याज धरले तरी गाडीत घातलेल्या ५ लाखांचे वर्षाला ५० हजार होतात. हंगामात तोच पैसा शेतकऱ्यांच्या पट्ट्या वेळेवर भागविण्यास लागतो, आणि अडत्याची पत तर त्या वेळेवरच उभी असते. दारातली गाडी गेली तर चार लोक चार दिवस बोलतील. पट्टी थकली तर शेतकरी पुढच्या वर्षी माल दुसऱ्या दुकानात उतरवील. यांतली कोणती पत जपावयाची, हे ओळखणे म्हणजेच व्यापार.

नाव कोणाचे?

गाडी घ्यावयाची ठरली, जुनी असो वा नवी, तर ती कोणाच्या नावावर, हा प्रश्न कुटुंबांत फार उशिरा विचारला जातो. फर्मच्या नावावर घेतली तर १५ टक्के घसारा मिळतो. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी त्याच्या निम्मा. घरगुती वापराचा हिस्सा मात्र खर्चातून वगळावा लागतो. पुढे ती विकताना नोंदणीकृत फर्मला फरकावर जीएसटीचा प्रश्न येतो. व्यक्तीच्या नावावरील खाजगी गाडी विकताना तो येत नाही. भावाभावांची भागीदारी असेल तर फर्मच्या नावावरील गाडी उद्याच्या वाटणीतला एक विषय होऊन बसते, हेही ध्यानात असावे. करसल्लागाराला विचारताना ‘कर किती वाचेल’ एवढेच न विचारता ‘दहा वर्षांनी ही गाडी कोणाची असेल’ हेही विचारावे. व्यक्तीच्या नावावर घेतल्यास आरसीमध्ये वारसदार नेमण्याची सोय २०२१ पासून झाली आहे. तिचा लाभ घ्यावा.

कागदांचा क्रम

खरेदी असेल तर करार संपल्याची नोंद करणारा ३५ क्रमांकाचा अर्ज आणि, आरसी कंपनीच्या नावावर असल्यास, हस्तांतराचे २९ व ३० क्रमांकाचे अर्ज आरटीओत द्यावे लागतात. गाडीची नोंदणी परराज्यातील असेल तर तेथील ना हरकत दाखला आणि महाराष्ट्राचा रस्ता कर यांचा खर्च किमतीत आधीच धरावा. सीमेलगतच्या गावांत हा प्रश्न नेहमी उद्‌भवतो. थकलेली ई-चलने भरून टाकावीत, नाही तर नावबदल अडतो.

विम्याबाबत एक गोष्ट विसरू नये. नो क्लेम बोनस गाडीला नव्हे, विमा घेणाऱ्याला मिळतो. पॉलिसी भाडेकंपनीच्या नावावर असेल तर चार वर्षे दावा न केल्याचा लाभ घराला मिळेलच असे नाही, आणि पहिल्या वर्षीचा हप्ता जास्त येऊ शकतो. पॉलिसी आपल्याच नावावर असेल आणि गाडी परत जात असेल, तर बोनस राखून ठेवल्याचे प्रमाणपत्र घ्यावे. ते तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीला वापरता येते.

गाडी परत देताना तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा लिहिलेली सही-शिक्क्याची पावती घ्यावी. आरसी घराच्या किंवा फर्मच्या नावावर असेल तर नावबदल प्रत्यक्ष होईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच अपघातातील भरपाईला मालक म्हणून जबाबदार राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. फास्टॅग बंद करावा. गाडीच्या पडद्यावरील यंत्रात साठलेले दूरध्वनी क्रमांक आणि पत्ते पुसून टाकावेत. व्यापाऱ्याच्या गिऱ्हाइकांची यादी परक्या हाती जाण्याचे काही कारण नाही.

सोप्यातला निर्णय

पंधरा दिवसांनी भाडेकंपनीचे लेखी उत्तर आले. कर ४० टक्के, पूर्ण किमतीवर. किंमत कमी करण्याची मागणी कंपनीने मान्य केली नाही. सूनबाईंनी कागद अण्णांपुढे ठेवला. एका बाजूला १,४०,०००, दुसऱ्या बाजूला ८०,०००. बाकी काही समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.

अण्णांनी आकडे स्वतः एकदा पेन्सिलीने जुळवून पाहिले. ‘‘माल चांगला आहे, पण भाव आपला नाही,’’ ते म्हणाले. सौद्यात शेकडो वेळा म्हटलेले ते वाक्य त्या दिवशी मात्र त्यांनी जरा हळू उच्चारले.

मग थोरल्याने आपला मुद्दा पुढे केला, आणि त्यातून मधली वाट निघाली. जूनअखेरपर्यंत तीन महिन्यांची मुदतवाढ मागावयाची, म्हणजे हंगामात धावपळीला गाडी राहील आणि दुकानाचा पैसा दुकानात राहील. या तीन महिन्यांचे ५,००० किलोमीटर करारात वाढवून घ्यावयाचे आणि गाडी बेताने वापरावयाची, म्हणजे जादा किलोमीटरचा आकारही काहीसा उतरेल. कंपनीने दोन्ही गोष्टी मान्य केल्या. त्या पत्राने कळविल्याखेरीज सूनबाईंनी होकार दिला नाही. दाराची खोच विश्रामबागेतल्या ओळखीच्या गॅरेजात काढून घ्यावयाची ठरली.

जुलैमध्ये १८ टक्क्यांच्या वर्गातील लहान गाडी थोरल्या सुनेच्या नावावर घ्यावयाची, यावरही एकमत झाले. वर्षातून दोन-तीनदा साऱ्या कुटुंबाला एकत्र जावे लागते, तेव्हा मोठी गाडी चालकासह भाड्याने आणावी. चार वर्षांतल्या फेऱ्या मोजल्यावर तेच स्वस्त दिसले. धाकट्याला नवी गाडी मिळाली, पण त्याच्या मनातली मोठी नव्हे. त्याने थोडी कुरकुर केली आणि मग रंग निवडण्याचा हक्क मागून घेतला.

एक अट मात्र अण्णांनी घातली. ‘‘गाडी कुठलीही घ्या, पण आधी आक्काला शोरूममध्ये न्या. तिला चढता-उतरता आलं पाहिजे. नाही आलं तर ती गाडी आपली नव्हे.’’

सूनबाईंनी कराराच्या फाइलीवर परतीची तारीख मोठ्या अक्षरांत लिहिली आणि त्याखाली कामांची यादी केली. यादीत पहिले काम होते, आक्कांना घेऊन शोरूमला जाणे.